येतो म्हटल्याशिवाय

पुण्याच्या एका गिल्डने मला काढून टाकलं, त्या रागात मी स्वतःची गिल्ड काढली. राग म्हणजे तरी काय, त्या दिवसांत मला जे थोडंफार वाटायचं त्यात राग तेवढा ओळखू यायचा. बाकी सगळं सपाट होतं.

गिल्ड म्हणजे ऑनलाइन खेळातली कायमची टोळी. एकट्याने खेळायचे खेळ मला कधी जमले नाहीत. आम्ही खेळायचो त्यात रेड हा खरा प्रकार होता: सहा जणांनी एकाच वेळी, एकमेकांशी बोलत, एका मोठ्या राक्षसावर चाल करायची. एकाने पुढे उभं राहून मार खायचा, एकाने मागून सगळ्यांच्या जखमा भरायच्या, बाकीच्यांनी हाणायचं. सहाच्या जागी पाच असले तर राक्षसाचं दारच उघडत नाही. पुण्याच्या लोकांचं म्हणणं असं, की तुझं नेटवर्क जातं, तू मध्येच गळतेस आणि तुझ्यामुळे आम्ही मरतो. खरंच होतं ते. नंदुरबारात राहून मी त्यांच्यासारखी चोवीस तास हजर कुठून असणार?

मी नंदुरबारात आले होते बाबांसाठी. त्यांना लकवा झाला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आई आधीच गेलेली. भाऊ पुण्याला, त्याला मुलं, त्यांच्या शाळा. मी नाशिकला नोकरीत होते आणि माझं लग्न झालेलं नव्हतं. म्हणजे मी मोकळी, असं सगळ्यांनी न बोलताच ठरवून टाकलं. मीही वाद घातला नाही. सुरुवातीला मी स्वयंपाकघरात उभी राहून रडायचे. मग रडणं थांबलं, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही बरंच काही थांबलं. बाबांना पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं, गोळी द्यायची. चुलतभावाचं लग्न झालं, तिथे मी हसले तेव्हा गाल ओढल्याचं जाणवलं फक्त. याची मला भीती वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

बाबा तहसील कचेरीत कारकून होते. शिस्तीचे, आणि घरापुरते हेकट. घरातून निघताना कोणी 'जातो' म्हटलं तर ते फाटकापासून परत बोलवायचे, बसवायचे, पाणी प्यायला लावायचे आणि नीट 'येतो' म्हणवून मगच सोडायचे. आमच्या घरी येणारा दूधवाला नवा होता तेव्हा तोसुद्धा असा ओट्यावर बसून पाणी पिऊन गेलेला आहे. वाचा गेल्यावर हे त्यांचं राज्यही गेलं. पण मी खोलीतून निघताना 'बाबा, येते' म्हटलं की ते डाव्या हाताचं पहिलं बोट उचलायचे. म्हणजे, ये. दिवसभरात त्यांच्याकडून मला मिळणारं उत्तर तेवढंच होतं.

दुपारी जेवण झालं की ते झोपायचे. चार वाजेपर्यंतचा तो वेळ माझा. मी खेळातल्या मराठी लोकांच्या गप्पांच्या खोलीत लिहिलं: नंदुरबार जिल्ह्यातलं कोणी आहे का, ज्याचं नेटवर्क जातं आणि ज्याला दुपारी वेळ असतो?

उत्तरं आली. दुपारी वेळ असणारी माणसं आपल्याकडे कोण असतात ते मला तेव्हा कळलं. शहाद्याकडचे दोन सख्खे भाऊ होते, पपईच्या शेतात मोटारीच्या खोलीत बसून लाइटची वाट पाहणारे. धडगावचा एक जीपवाला होता. घाटाखाली जायला जीप भरेपर्यंत तो स्टिअरिंगवर मोबाइल ठेवून खेळायचा. नवापूरच्या एकाची कोंबड्यांची शेड होती, आणि दुपारच्या उन्हात कोंबड्या गप्प असतात. पाचवा सुरतेला लूमवर कामाला होता, आमच्याच तालुक्यातला, संध्याकाळच्या पाळीचा. तो मला 'बेन' म्हणायचा, बाकीचे 'ताई'. खरी नावं कोणी विचारली नाहीत. मला तेच बरं वाटलं. नाव सांगितलं की आडनाव येतं, आडनावामागून गाव, आणि गावामागून 'लग्न नई का वं व्हयनं?'

गिल्डला नाव द्यायचं होतं. भावांनी वाघ, सिंह, मावळे असलं सगळं सुचवून पाहिलं. ती नावं आधीच कोणी ना कोणी घेतलेली. जीपवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "थांबा, टपावर कैऱ्यांची पोती चढताहेत." मग 'आमचूर' असं नाव ठेवलं. ते कोणीच घेतलेलं नव्हतं.

पहिले काही आठवडे आम्ही फक्त मेलो. पहिल्याच राक्षसापाशी. एका मोठ्या दरवाजात दगडी सिंहासनावर बसलेला तो राक्षस, उठायचाही नाही, बसल्या जागेवरून हात फिरवायचा आणि आम्ही सहाही आडवे. धाकटा भाऊ त्याला 'साहेब' म्हणायला लागला, कारण साहेब काही केल्या खुर्चीतून उठत नाहीत. मग तेच नाव पडलं.

मरण्याचं कारण साहेब नव्हताच. कारण आम्ही होतो. ऐन मारामारीत शहाद्याचा मोठा भाऊ ओरडायचा, "लाइट उनी!" आणि दोघंही मोटार चालू करायला पळायचे. त्यांचे खेळातले वीर तिथे मैदानात खांबासारखे उभे. जीप भरली की जीपवाला काही न बोलता गायब. मागून मलम लावणारा नवापूरवाला, तो बिचारा नसलेल्या माणसांच्या जखमा भरत बसायचा आणि असलेली मरायची. त्यांना हे गैर वाटतच नव्हतं. काम आलं, उठले, गेले. शेतावर, स्टँडवर, आपल्याकडे सगळीकडे तसंच चालतं. कोण कोणाला सांगत बसतो?

एके दिवशी मी चिडले. खूप दिवसांनी माझा आवाज चढला. म्हटलं, हे चालायचं नाही. जायचं असेल त्याने जायचं, मी कोणाला धरून ठेवत नाही, पण 'येतो' म्हणायचं. मी 'या' म्हणेपर्यंत थांबायचं. मग जायचं. कोणी 'जातो' म्हणालं तर परत बोलवीन. आमच्यात अहिराणी होती, जीपवाल्याची पावरी होती, नवापूरवाल्याची कोकणी होती, सुरतेची गुजराती होती, म्हणून 'येतो' सगळ्यांना येणाऱ्या शाळेच्या मराठीत ठरला. बोलून झाल्यावर लक्षात आलं की हे आपण बाबांच्या आवाजात बोललो.

नियम लागला. गंमत म्हणजे त्यांना तो आवडला. जीपवाला अर्ध्या जीपेला ऐकू जाईल असा "ताई, येतो!" म्हणायचा आणि मी "या" म्हणेपर्यंत गिअर टाकायचा नाही. मागची माणसं विचारायची, कोणाला विचारतोय हा? दोंडाईच्याचा एक जण मध्यंतरी कोणाच्या तरी बदली येत होता, तो तीनदा न सांगता गेला. मी त्याला काढून टाकलं. भावांनी रदबदली केली, पण मी ऐकलं नाही. न सांगता जाणारा माणूस आमचूरमध्ये नको.

आणि मग आम्ही मरायला उशीर लावू लागलो. साहेब उठून उभा राहिला, हे आधी कधी आम्ही पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी सुरतवाला "बेन, उठ्यो! उठ्यो!" म्हणून इतका ओरडला की कोंबड्या जाग्या झाल्या. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. पण दुपारचं जेवण उरकताना हात जरा भरभर चालायला लागले होते. दुपारी पाच माणसं माझी वाट पाहतात, मी 'या' म्हटल्याशिवाय हलत नाहीत, एवढी एक गोष्ट त्या दिवसांत होती. ती गेली असती तर मला हाक मारणारं कोणी उरलं नसतं. बाबांचं बोट सोडून.

तो दिवसही तसाच होता. बाबांनी दोन घास जास्तच खाल्ले. मी तोंड पुसलं, चादर ओढली, म्हटलं, "बाबा, येते." त्यांनी बोट उचललं. मी बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसले. दार उघडं ठेवायचे, तिथून खाटेची कड दिसायची.

आम्ही कधी नव्हे इतके चांगले लढत होतो. साहेबाच्या आयुष्याची लाल पट्टी अगदी बारीक राहिली होती. धाकटा ओरडत होता, "मरी ऱ्हायना! साहेब मरी ऱ्हायना!" आणि मी सहज वळून पाहिलं तर बाबांचा डावा हात खाटेवरून खाली लोंबत होता. मनात पहिलं आलं ते एवढंच, की हात अवघडेल. मी कानावरचा माईकवाला हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि हात वर ठेवायला गेले. हात वर ठेवला. मग कळलं.

मी शेजारच्या काकूंना हाक मारली. डॉक्टर आले, मान हलवून गेले. पलीकडच्या गल्लीतून फुई आली, बाबांची धाकटी बहीण. दारातच तिने हंबरडा फोडला, "मन्हा भाऊ रे, कसा गया रे टाकीसन!" मग बायका आल्या. सतरंज्या आल्या. भावाला फोन झाला. मी गोळ्यांचा डबा उचलून कपाटात ठेवला, कोणाला लागू नये म्हणून ग्लास उचलले. टेबलावर लॅपटॉप तसाच होता, त्याच्याकडे लक्ष गेलं नाही. कोणीतरी त्यावर टॉवेल टाकला असावा, कारण नंतर तो टॉवेलाखाली मिळाला.

मी रडले नाही. ही गोष्ट माझ्यापेक्षा इतरांनाच जास्त लागली. पुढचे सगळे दिवस दारवर माणसं येत होती. आमच्याकडे मयत झालं की लांबलांबचे लोक दारवर येतात, थोडा वेळ बसतात, फारसं बोलत नाहीत, आणि उठून न बोलता निघून जातात. त्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. पुन्हा अशा कारणाने यायला लागू नये म्हणून. बायका माझ्याकडे पाहायच्या आणि एकमेकींना सांगायच्या, पोरना डोयाले पानी नई. फुई मला जवळ घेऊन म्हणायची, "माय, रडी ले. रडी लिधं म्हनजे मोकळं वाटस." मी मान हलवायचे. खोटं कसं रडणार? नुसतं रडकं तोंड करून पाहिलं एकदा, तेही जमलं नाही. आतून काही येतच नव्हतं. आपण असेच राहणार आता, हे मला तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट दिसलं, आणि तेही मी स्वयंपाकाला काय आणायचं याच्यासारखं पाहिलं.

गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. भाऊ पुण्याला गेला. त्याने खाट गच्चीवर नेऊन ठेवली होती. जाताना फाटकाशी थांबून "येतो गं" म्हणाला, आणि मी "ये" म्हटलं. फुई तिच्या घरी गेली.

दुपार झाली. जेवण झालं. माझ्या हाताला काम नव्हतं. सवयीने उठले, दारापर्यंत गेले, आणि सांगायला कोणी नव्हतं.

लॅपटॉप पार मेलेला होता, चार्जिंगला लावला. खरं सांगायचं तर मला आत जायची लाज वाटत होती. नियम मी केला होता आणि सगळ्यांसमक्ष तोडलाही मीच होता. ऐन मारामारीत, साहेब मरायला आला असताना, एक शब्द न बोलता उठून गेले होते. आणि नंतर इतके दिवस काही कळवलं नव्हतं. दोंडाईच्याच्या माणसाला मी याहून कमी गुन्ह्यासाठी घालवलं होतं. त्यांनी मला काढलं असेल, किंवा गिल्डच मोडली असेल, असं धरूनच मी चालले होते.

गिल्ड होती. माझं नाव वर होतं तसंच होतं. एकटा नवापूरवाला आत होता. तो नेहमी सगळ्यांच्या आधी यायचा.

"ताई," तो म्हणाला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. "ताई, तुमच्या लोकांतल्या रीतीचं एक विचारायचं होतं. त्या दिवशी तुमचा माईक चालू राहिला होता."

मी बाजूला पडलेल्या टॉवेलाकडे पाहिलं.

"आम्हाला ऐकू आलं सगळं. तुमच्या आत्याबाई रडत होत्या. आम्हाला समजलं की बाबा गेले. मला वाटलं आता निघावं. आमच्याकडे कोणी गेलं की प्रार्थना करतात, थोडं थांबतात, मग घरच्यांचा निरोप घेऊन जातात. मी मनातल्या मनात प्रार्थना केली आणि म्हणालो, येतो. तर शहाद्याचे मोठे भाऊ मला रागावले. म्हणाले, मयतना घरतून येतो म्हनीसन निंघतस का? इतलंबी समजत नई तुले? मी म्हटलं, चुकलो, मग न सांगताच निघतो. तर जीपवाले म्हणाले, न सांगता कसं जाणार, ताईंचा नियम आहे."

"मग?"

"मग काय. सांगून जाता येईना, न सांगता जाता येईना. आम्ही बसलो."

साहेबाने त्या पाचांना केव्हाच मारलं होतं. त्यांनी आपापले वीर परत उभे केले आणि साहेबाच्या दरवाजाबाहेर खाली बसवले, शस्त्रं उतरवून. काहीच हालचाल केली नाही तर खेळ माणसाला बाहेर काढतो, म्हणून थोड्या थोड्या वेळाने एकेक जण उठायचा, पुन्हा बसायचा. माझा वीर हलवायला कोणी नव्हतं, तो खेळाने कधीच बाहेर काढला होता. बोलण्याची लाइन मात्र वेगळी, ती उघडी होती. माझ्या घरातलं रडणं, भांडी, येणारी-जाणारी माणसं, सगळं ते ऐकत होते. धडगावला जीप भरली, जीपवाल्याने आपला रांगेतला नंबर मागच्या जीपला देऊन टाकला. शहाद्याला लाइट आली, मोटार कोणी चालू केली नाही, त्या दिवशी पपईला पाणी गेलं नाही. सुरतवाल्याची पाळी बुडाली. नवापूरवाल्याने मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवून कोंबड्यांना दाणे टाकले.

"मोठे भाऊ म्हणाले, ताईंचं घर आपल्याला माहीत नाही, नाव माहीत नाही, आपण दारावर कुठे जाणार. हेच दार समजायचं. मग दिवस मावळताना तुमची लाइन आपोआप तुटली."

लॅपटॉपची बॅटरी संपली असणार. टॉवेलाखाली.

"ताई, विचारायचं ते हे, की आम्ही निघालो ते बरोबर झालं ना? तुम्ही 'या' म्हटलं नव्हतं."

मी म्हटलं, "बरोबर झालं." माझा आवाज नेहमीसारखाच निघाला. मला वाटलं होतं निदान आता तरी काही होईल. झालं नाही.

वेळ झाली तसे बाकीचे आले. कोणी बाबांचं काढलं नाही. सुरतवाला म्हणाला, "बेन, जेवली का?" धाकटा म्हणाला, "साहेब वाट पाही ऱ्हायना." आम्ही आत गेलो, लढलो आणि मेलो. सगळ्यांच्याच हातांची सवय गेली होती. साहेब उठलासुद्धा नाही.

मग कोणी काही बोलेना. रोज या वेळी 'येतो, येतो' चालू व्हायचं. जीपवाल्याच्या मागे माणसं ओरडत होती, कोणीतरी त्याचा हॉर्न वाजवत होतं. तो हलत नव्हता. शहाद्याकडे लाइट आली असावी, मोटारीच्या खोलीतला बल्ब पेटल्यावर तिथला एक जुना रेडिओ आपोआप खरखरायचा, तो खरखरत होता. तेही हलले नाहीत. मग माझ्या लक्षात आलं की ते अजून दारवरच बसले आहेत. उठायला घरच्यांनीच सांगायला हवं होतं.

"झाली गंधमुक्ती," मी म्हटलं. "आता म्हणा."

तरी कोणी म्हणेना. शेवटी मोठा भाऊ खाकरला.

"ताई, पयले तू म्हन. तू त्या दिन म्हनीच नई."

खरंच होतं. मी नियम केला होता आणि माझंच राहिलं होतं. मी दाराकडे पाहिलं. खाट होती तिथे फरशीवर चार पायांचे डाग होते.

"येते," मी म्हटलं.

"ये," मोठा म्हणाला. "ये," धाकटा म्हणाला. सुरतवाला म्हणाला, "आव, बेन." मग जीपवाला, मग नवापूरवाला, सगळ्यात शेवटी, हळूच. बाबा बोट उचलायचे ते एवढ्याच संथपणे.

आणि मग मला रडू फुटलं. तोंडावर हात ठेवायलाही सुचलं नाही, इतकं मोठ्याने. फुईसारखंच. मला खूप दुखत होतं आणि दुखतंय हे कळत होतं. माईक चालू होता. धडगावला हॉर्न वाजत राहिला, माणसं शिव्या देत राहिली, आणि मी 'या' म्हणेपर्यंत कोणीही उठलं नाही.